शास्त्रज्ञांच्याच हवाली

आमचा चाचणीचा फुगा हैदराबादहून उडाला आणि मुखेडकडच्या एका शिवारात उतरला. मी पोचेपर्यंत त्याचं प्लास्टिक कुणाच्या तरी कडब्याच्या गंजीवर चढलंही होतं. खुशाल चढो. मला हवी होती नोंदींची पेटी. अवकाशातून आलेला एखादा जबर ताकदीचा न्यूट्रिनो नावाचा सूक्ष्म कण बर्फात आदळला की रेडिओची बारीकशी लहर उठते. ती उंचावरून टिपणारं यंत्र आम्ही बनवलं होतं. ते चालतं याचा पुरावा त्या एका पेटीत होता. ती गेली की अंटार्क्टिकाच्या उड्डाणातली आमची जागाही गेली.

पेटी तुरीत पडली होती. शेताच्या मालकिणीनं ती घरात नेऊन कुलपात ठेवली होती. वर आमचीच चिठ्ठी होती: उघडू नका, शास्त्रज्ञांच्याच हवाली करा.

"मावशी, मीच ती. पेटी मी बनवलीय."

"कुठली तू?"

"निलंग्याची."

मावशी हसली. "निलंग्याची अन् शास्त्रज्ञ? आमच्यावानीच तर बोलून राहिलीस!"

मी ओळखपत्र दाखवलं. "असलं कार्ड मुखेडात कुणीबी छापून देतंय," ती म्हणाली.

हैदराबादला आमच्या प्रकल्पाच्या सरांना फोन लावला. ते म्हणाले, "चार वाक्यं इंग्रजीत बोला. लगेच देतील."

माझं डोकं फिरलं. पुण्यात शिकताना 'न्हाई'चं 'नाही' करण्यात माझी पाच वर्षं गेली होती. भर वर्गात हसले होते माझ्यावर. आता माझ्याच मुलखात, माझ्याच बोलीतल्या बाईपुढं पुन्हा तेच सोंग आणू? पेटी गेली तरी बेहत्तर, म्हटलं, आणि फोन ठेवला.

उंबऱ्यावर बसकण मारली.

"उघडू नका, मावशी. नुसती पालथी करा. बुडाला चार कोरलाय, आपला मराठी चार. छापील नंबराची पट्टी निघून गेली म्हणून मीच स्क्रूड्रायव्हरनं कोरला. लई बोलणी खाल्ली त्यापायी."

मावशी आत गेली. कुलूप वाजलं. मग पेटी पोटाशी धरून ती बाहेर आली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"खरंच तूच केलीस?"

"हाव."

"मग आधी का न्हाई सांगितलं?"

"आल्यापासून तेच तर सांगून राहिले, मावशी."