तो मागे येतो तेवढं

शिरगावकडच्या त्या घरातून फोन आला तेव्हा मी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या गेटवर शिडीवर चढले होते. वॉचमननं शिडी धरली होती आणि तो सारखा म्हणत होता, "मॅडम, गिरना मत, मेरी नौकरी जाएगी." कॅमेऱ्याच्या तोंडावर जळमट धरलं होतं. अंधार पडला की कॅमेऱ्याचे लाल दिवे त्या जळमटावर पडत आणि सगळं चित्र पांढरं होऊन जाई. मालकाला वाटलं, कॅमेरा गेला. मी केरसुणीची काडी फिरवली, फडक्यानं काच पुसली आणि खाली उतरून फोन उचलला.

"बोंबील सुकवायला घालायचे दिवस आले," पलीकडून आवाज आला. "कॅमेरे बंद हायत. येऊन चालू करून द्या. डब्यातलं जुनं सगळं पुसून टाका."

डबा म्हणजे रेकॉर्डर. घर माझ्या ध्यानात होतं, कारण तिथले कॅमेरे मीच बसवले होते. त्या वेळी घरातला धाकटा मुलगा मला बोलवायला बोईसरच्या दुकानापर्यंत आला होता. एक कॅमेरा अंगणावर आणि खाडीकडे जाणाऱ्या गल्लीवर, दुसरा बोंबील टांगायच्या बांबूंवर. बांबूंच्या मध्ये दोऱ्या ताणून त्यावर बोंबील जोडीजोडीनं अडकवतात. कुत्री, कावळे आणि कधीकधी शेजारी, तिघांवरही लक्ष ठेवावं लागतं. "ताई, होडीत बसून मोबाइलवर दिसेल ना?" त्यानं विचारलं होतं. समुद्रात रेंज कुठून येणार, असं मी म्हटलं. "मग कावळ्यांना सांगतो, मी किनाऱ्याला लागेपर्यंत थांबा." बोलका माणूस होता. बायको चहा घेऊन आली तर कप तिच्या हातून घेऊन तिलाच म्हणाला, "बस, आता तूपण टीव्हीत येशील."

मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. ओट्यावर म्हातारी बसली होती, त्याची आई. मला तिनं ओळखलं नाही.

"तू कॅमेरावाली? आमाला वाटलं बाप्या येल."

"बाप्या नाही मिळाला, मावशी. माझ्यावरच भागवा."

आत गेले तर समोर भिंतीवर धाकट्याचा फोटो, त्याला हार. मी पिशवी खाली ठेवली. फोनवर कोणी सांगितलं नव्हतं. अशा गोष्टी फोनवर कोण सांगतं म्हणा.

फोन केला होता त्याच्या मोठ्या भावानं. त्यानं थोडक्यात सांगितलं. होडीचा तांडेल तो स्वतः, म्हणजे होडी मोठ्याच्याच सांगण्यावर चालते. पावसाळ्याची बंदी लागायच्या आधीचे दिवस होते. जाळं ओढताना वारा फिरला आणि धाकटा पाण्यात गेला. दुसऱ्या दिवशी सापडला. एवढं सांगून तो म्हणाला, "डबा टीव्हीच्या खाली हाय," आणि बाहेर निघून गेला.

रेकॉर्डर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, वर रुमाल घालून ठेवला होता. धूळ लागू नये म्हणून. समुद्राजवळच्या घरांत हे मी नेहमी पाहते. पिशवीत दमट हवा कोंडते आणि धूळ परवडली अशी अवस्था होते. बटण दाबलं तर डबा एकसारखा टीं टीं करायला लागला. हार्ड डिस्क सापडत नाही, असं पडद्यावर आलं.

मी झाकण उघडलं. आमच्याकडे सरावलीला कारखान्यांच्या हवेनं पितळ हिरवं पडतं, इथे खारानं पडतं. वायरीच्या टोकांना तोच शेवाळी रंग. स्पिरिट आणि जुना दात घासायचा ब्रश काढून कामाला लागले.

तेव्हा धाकट्याची बायको चहा घेऊन आली. कप माझ्यापुढे ठेवून ती जाईना. बाहेर ओट्याकडे पाहून हळू आवाजात म्हणाली, "ताई, त्यातलं जुनं पुसू नका."

"तुझ्या दिरानं पुसायला सांगितलंय."

"आधी मला त्या दिवसाची सकाळ बघायचीय."

मी तिला खरं ते सांगितलं. डिस्क भरली की डबा सर्वांत जुनं पुसून त्यावर नवं लिहितो. या डिस्कमध्ये पंधरवड्याहून जास्त काही राहत नाही. तू बंदीच्या आधीची गोष्ट सांगतेयस, मधे पावसाळा गेला. आशा धरू नकोस.

"पण डबा चालूच नव्हता," ती म्हणाली. "त्यांना घरी आणलं त्या दिवशी कोणीतरी टीव्हीचं बटण बंद केलं. मग कोणी लावलंच नाही."

मी मागे वाकून पाहिलं. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि रेकॉर्डर, तिन्ही एकाच बोर्डावर, एकाच बटणावर. सुतकात घरात टीव्ही लावत नाहीत. सुतक फिटलं तरी या घरानं तो लावला नाही, आणि टीव्हीबरोबर डबाही पावसाळाभर मेल्यासारखा पडून राहिला. कॅमेरे बंद का पडले याचा उलगडा झाला. शिवाय, डिस्क सुरू झाली, तर ती सकाळ तिच्यात असणार होती.

"काय बघायचंय तुला?"

तिनं पुन्हा ओट्याकडे पाहिलं. मग सगळं एका दमात बोलली. त्या पहाटे तो निघाला आणि गल्लीच्या वळणावरून मागे फिरला, हे शेजारणीनं पाहिलं होतं. समुद्रावर निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत, हे तिकडच्या लहान पोरीलाही माहीत असतं. सासू म्हणते, सुनेनं हाक मारली. सून म्हणते, मी आत चुलीपाशी होते. त्या दिवसापासून सासू तिच्याशी बोललेली नाही. तिच्या हातचं जेवते, पण ताट मोठ्या सुनेकडून मागून घेते. आणि आता दिवाळीनंतर तिला केळव्याला, माहेरी पोचवायचं ठरलं होतं.

"मला जायचं तर जाईन," ती म्हणाली. "पण हे डोक्यावर घेऊन नाय जाणार."

मी असलं काही मानत नाही. वारा फिरतो तो कोणाच्या हाकेनं फिरत नाही. हे तिला सांगावं असं वाटलं, पण सांगून तिच्या काय कामाचं होतं? तिला मी नव्हे, सासूनं सांगायला हवं होतं. मी ब्रश घासत राहिले.

टोकं साफ केली तरी डबा ओरडतच होता. डिस्कला कान लावला. ती फिरायला लागे आणि बसकण मारी, पुन्हा लागे, पुन्हा बसे. म्हणजे डिस्क जिवंत होती, तिला पुरेशी वीज मिळत नव्हती. अडॅप्टर मीटरवर लावला तर आकडा बरोबर. डिस्क जोडून पाहिलं तर आकडा घसरला. नुसतं मोजलं की असे अडॅप्टर चांगले दिसतात, ओझं आलं की माना टाकतात. पिशवीतला माझा अडॅप्टर लावला. डिस्क फिरली, ओरडणं थांबलं, आणि पडद्यावर रिकामं अंगण आलं. घड्याळाची बॅटरी मेल्यामुळे तारीख कुठच्या कुठे गेली होती. मी रेकॉर्डिंग लगेच थांबवलं, नाहीतर डबा आजचं अंगण त्या दिवसावर लिहायला बसला असता.

ती माझ्या खांद्यामागे उभी होती. शोधत मागे गेले. अंगणात भरलेली माणसं, ओट्यावर बायका, ते मी भराभर पुढे ढकललं. त्याच्या आदल्या दिवसाची पहाट सापडली.

काळोखातलं चित्र, करडं. आवाज नाही, साध्या कॅमेऱ्यांना कान नसतात. तो दारातून बाहेर आला, एका हातात कॅन, दुसऱ्या हातात पिशवी. पायानं कुत्र्याला बाजूला केलं. गल्लीत गेला, वळणापर्यंत पोचला. आणि थांबला. वळला. तेवढ्यात चित्राच्या खालच्या कडेनं कोणीतरी अंगणात आलं. पाठमोरं, काष्टा घातलेलं लुगडं, थोडं वाकलेलं. एक हात तोंडाशी होता, तो खाली आला. दुसऱ्या हातात कानटोपी. तो चार पावलं मागे आला, टोपी घेतली, डोक्यात घातली नाही, पिशवीत कोंबली. काहीतरी बोलला. मग गेला.

धाकटी सून गाऊन घालत होती. घरात लुगडं नेसणारी एकच बाई होती.

"पुन्हा लावा," ती म्हणाली. मी पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावत होते तेव्हा दारात सावली पडली. म्हातारी आत आली होती.

मी बंद करायला हात पुढे केला. सून म्हणाली, "राहू द्या. आई, बघा तुमी."

मोठा भाऊही पाठोपाठ आला. पडद्यावर धाकटा गल्लीत चालत होता. म्हातारी टीव्हीसमोर खाली बसली, अगदी जवळ, पोरं बसतात तशी. तो थांबला, वळला. लुगडं अंगणात आलं. हात तोंडापासून खाली आला. तो मागे आला, टोपी घेतली, गेला. अंगण रिकामं झालं आणि कुत्रा पुन्हा येऊन बसला.

मग म्हातारी म्हणाली, "मी हाक नाय मारली. टोपी द्यायला गेले. तो आपणच वळला."

मी सुनेकडे पाहिलं. इतके महिने ज्याच्यासाठी ती थांबली होती ते समोर होतं. तो हात तोंडाशी कशाला गेला होता, एवढं तिनं विचारलं असतं तरी पुरे होतं. तिनं तोंड उघडलं. म्हातारीचे खांदे हलत होते आणि ती पडद्यावरच्या कुत्र्याकडे टक लावून बसली होती.

"हो," सून म्हणाली. "आपणच वळले."

मोठा भाऊ म्हणाला, "बंद करा ते. घरात हे नको. सगळं पुसा." शेवटी होडी त्याच्या हातात होती. त्या घरात प्रत्येकाला आपापलं ओझं होतं आणि कोणी कोणाला दाखवत नव्हतं.

"पुसू नको," म्हातारी म्हणाली. "तो मागे येतो, तेवढं ठेव."

"आई, टीव्हीवर हे रोज लावून बसशील. मला नाय बघवायचं."

"तेवढंच ठेव. बाकी पूस."

मालक म्हणेल तसं करायचं, ही माझी रीत. पण मालक कोण, हे त्या क्षणी मला ठरवता येईना. मी दोघांच्या मधलं काढलं. तेवढा तुकडा पेनड्राइव्हवर घेतला, लॅपटॉपवर नीट केला आणि मोबाइलवर द्यायचं म्हटलं. म्हातारीचा फोन बटणांचा, त्यात तो चालेना. मोठ्यानं आपला फोन पुढे केला नाही. धाकटीनं केला. तिच्या फोनात तुकडा घातला, मग मोठ्याच्या समोर डिस्क पुसली, घड्याळाची बॅटरी बदलली, रेकॉर्डरचं बटण टीव्हीपासून वेगळं केलं आणि दोन्ही कॅमेरे चालू करून निघाले. पेनड्राइव्ह माझ्या पिशवीत तसाच राहिला. निघताना म्हातारी ओट्यावर होती. तिनं मला चहा घेतलास का विचारलं. सुनेशी ती बोलली का, ते मला माहीत नाही.

दिवाळी झाल्यावर केळव्याला एका लॉजचं काम निघालं. शनिवारी मुंबईची माणसं येतात आणि नेमका शनिवारी पार्किंगचा कॅमेरा झोपतो, ही मालकाची तक्रार. काम झालं, तर वाडीतून येताना हाक आली, "कॅमेरावाल्या ताई." तीच होती. माहेरच्या अंगणात सुपाऱ्या वाळत घालत होती.

"पोचवलं वाटतं तुला," मी म्हटलं. मला आडवळणानं बोलता येत नाही.

"नाय. घरच्यांनी नंतर राहा म्हटलं. मीच आले." तिनं सुपाऱ्या हातानं पसरल्या. "तिथं राहिले असते तर आमी दोघी एकमेकींकडं बघतच राहिलो असतो."

पाणी दिलं. मग म्हणाली, "शिरगावच्या आई येतात."

"इथे?"

"मासळी विकायला पालघरच्या बाजारात येतात, तशा पुढं रिक्षानं. पहिल्यांदा आल्या तेव्हा मला वाटलं भांडायला आल्या. ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, 'लाव.' मी लावलं. बघून गेल्या. आता येतच असतात. चहा घेत नाहीत. मागच्या खेपेला टोपलीतून खाडीतले निवटे मासे काढून ठेवले, 'तुझ्या आईला दे' म्हणाल्या. माझ्यासाठी हायत असं नाय म्हणाल्या."

तिनं फोन काढून दाखवला. काचेला तडा गेला होता. "हा बंद पडला तर?"

हे माझ्या हातातलं काम होतं. पेनड्राइव्ह पिशवीत होताच, तो मी तिला दिला. मग सुचलं ते बोलले. शिरगावच्या टीव्हीला मागे पेनड्राइव्ह बसतो. आणखी एक भरून देते, मोठा घरी नसताना म्हातारीला लावता येईल, कसं लावायचं ते मीच दाखवून येईन. बिचारीची एवढी फरपट वाचेल.

तिनं तडा गेलेल्या काचेवरून अंगठा फिरवला.

"त्यांना नका देऊ," ती म्हणाली. "मग त्या येणार नाहीत."

मी दुसरा पेनड्राइव्ह भरला नाही.