दोन चमचे सोडा

कापड रंगवण्याच्या कारखान्यात तिला सगळे ‘सातबाई’ म्हणायचे. रंगाच्या हौदातल्या पाण्याचा पीएच सातवर आणून देणं हे तिचं काम. पीएच दाखवणारी कागदी पट्टी बुडवायची, पाणी आंबट निघालं तर सोडा, उलट निघालं तर आम्ल. दहा मिनिटांत पाणी मुठीत. सोळा वर्षांत तिच्या हातून एकही तागा डागाळला नव्हता, आणि त्याचा तिला जरा तोराही होता.

नवरा जहाजावर इंजिनाच्या कामाला. घरी ती आणि सासरे, दोघंच. जाताना नवऱ्यानं बैठकीतली माशांची काचेची टाकी तिच्या हवाली केली. नऊ गोल्डफिश. त्यातला सगळ्यात थोराड मासा दिवसभर बाकीच्यांच्या मागे फिरायचा, म्हणून सासरे त्याला मुकादम म्हणत.

“आल्याबरोबर आधी मुकादमाला बघणार,” नवरा म्हणाला होता.

“आणि मला?”

“तू काय, फोनवर दिसतेसच की.”

पुढं स्वयंपाकघरात पाणी शुद्ध करायचं नवं यंत्र बसलं. आपण चांगलं पाणी प्यायचं आणि मुक्या जिवांना नळाचं, हे काही तिला पटेना. ती दर रविवारी त्या यंत्राचंच पाणी टाकीत घालू लागली. टाकी आरशासारखी चमकायची.

दोन महिन्यांनी एका सकाळी ती डबा भरत होती, तेव्हा सासऱ्यांनी हाक मारली. “सूनबाई, जरा इकडं ये. मुकादम आज कामावर नाही.”

मुकादम कोपऱ्यात तळाला टेकला होता, पंख मिटून. बाकीचे वर येऊन तोंडं उघडझाप करत होते. तिनं पर्समधली कारखान्याची पट्टी काढून बुडवली. साडेपाच! पाणी पार आंबटलं होतं. पण उपाय तर हातचा मळ. खायच्या सोड्याचे दोन मोठे चमचे तांब्याभर पाण्यात ढवळले आणि टाकीत ओतले. थोड्या वेळानं पट्टी आठ दाखवू लागली; सातपेक्षा जरा जास्त, पण आंबटपणा तर गेला होता.

“झालं, बाबा,” ती म्हणाली आणि चप्पल घालायला वळली.

“झालं कसं? ते बघ.”

एक मासा आडवा झाला होता. बघता बघता दुसरा गरगरत काचेवर आपटला. अर्ध्या तासात तीन गेले. पाण्याचा आकडा फार चढला, आता खाली आणायला हवा, म्हणून तिनं व्हिनेगरची बाटली उचलली. झाकण काढलं, आणि तिचा हात थांबला. कारखान्यात हौदात कापड असतं. कापडाला श्वास घ्यावा लागत नाही.

तिनं बाटली खाली ठेवली आणि मासेवाल्या दुकानदाराला फोन लावला. सगळं ऐकून तो म्हणाला, “बाई, आधी ती बाटली लांब ठेवा.”

“ठेवली. पण काल ठणठणीत होते हो हे.”

“तुमच्या यंत्राच्या पाण्यात क्षारच नाहीत. आंबटपणा अडवायला काही नको का? रोज थोडं थोडं पाणी आंबटत गेलं असणार. तळाची घाण पडूनच होती. तिच्यातला अमोनिया आंबट पाण्यात गप्प असतो. तुम्ही सोडा घातलात आणि त्याचं एकदम विष झालं. टाकीचा पाव हिस्सा काढा, नळाचं पाणी घाला, क्लोरीन मारायचे थेंब टाकून. गार नको, टाकीइतकंच कोमट. दोन तासांनी परत तेच. मधे काही म्हणजे काही घालायचं नाही. खाणंसुद्धा नाही.”

तिनं कारखान्यात रजा कळवली. नळीनं पाणी काढायचं, बादलीत थेंब टाकायचे, हात घालून ऊब बघायची, कपाकपानं सोडायचं. मग दोन तास नुसतं बसून राहायचं. तिचे हात सारखे काहीतरी करायला शिवशिवत होते. दुपारी चौथा गेला. ती जाळी घेऊन उठली.

“एवढी घाण आली कुठून, बाबा?”

सासरे टाकीकडंच बघत हळूच म्हणाले, “मी देत होतो त्यांना दुपारी थोडं. चहाच्या वेळी पण. मी आलो की काचेपाशी येतात गं सगळे.”

तिला राग आला होता, पण बोलायला तोंड कुठं होतं? “आता एकच वेळ,” ती एवढंच म्हणाली. “चिमूटभर.”

दिवेलागणीला मुकादमानं एक पंख हलवला. मग टाकीच्या मध्यापर्यंत आला, पुन्हा खाली बसला. पण पाच जण तगले.

रविवारी नवऱ्याचा फोन आला. तिनं काही लपवलं नाही. “सोळा वर्षं पाण्यातच काम करतेस ना तू?” तो म्हणाला आणि कामाचं निमित्त सांगून फोन ठेवला. ते तिला फार लागलं. त्या दिवशी ती जेवली नाही.

दुकानदारानं शिंपल्यांचा चुरा दिला. तो कापडी पुरचुंडीत बांधून तिनं टाकीतल्या फिल्टरमागे ठेवला. पाणी आंबटायला लागलं की तो आपोआप थोडा थोडा विरघळतो. दर रविवारी नळाची एक बादली, त्याहून जास्त नाही.

तिसऱ्या आठवड्यात नवऱ्यानं स्वतःहून विचारलं, “पाणी कितीवर आहे?”

“सात पूर्णांक दोन.”

“आणि काल?”

“कालही तेवढंच. परवाही.”

“मुकादम?”

तिनं फोन काचेपाशी धरला. जहाजावरचं नेटवर्क अडखळत होतं, चित्र फुटत होतं. पलीकडून आवाज आला, “थांब, हलवू नकोस. दिसतोय.”