खिडकीखालची उत्तर

कुवेतला रुमैथियाच्या आमच्या फ्लॅटमध्ये अकरा दिवस सूर्य उत्तरेला उगवत होता. ती उत्तर मी ठरवली होती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. शुऐबाच्या केमिकल प्लँटमध्ये मी पंधरा वर्षं पाइपलाइनी सांभाळत होतो आणि सेक्शन हेडची खुर्ची रिकामी होणार होती. ती मला हवी होती. (मला काही पडलेली नाही असं सांगत मी रोज तिच्याकडे बघून यायचो.) त्याच वर्षी आमची ही, म्हणजे नीलिमा, पुण्याहून फेंगशुईचं पुस्तक घेऊन आली.

"अहो, चिनी लोक म्हणतात, नोकरीतली भरभराट उत्तरेला असते. आणि तिथे वाहतं पाणी लागतं!"

लगेच प्लास्टिकच्या डोंगराचं कारंजं घरात आलं.

"उत्तर बघायला होकायंत्र आणू या?" हिनं विचारलं.

"मी इंजिनिअर आहे!" मी गरजलो. "समुद्र तिकडे, म्हणजे उत्तर तिकडे!"

आता कबूल करायला हवं. आमच्या प्लँटच्या नकाशांवर सोयीसाठी समुद्राच्या बाजूलाच उत्तर म्हणायचे. खरी दिशा कुठलीही असो, बाण समुद्राकडे! पंधरा वर्षांत तो बाण माझ्या डोक्यात पक्का रुतला होता.

"पण अहो, सकाळचं ऊन त्याच खिडकीतून येतं."

"कुवेतमध्ये ऊन सगळीकडूनच येतं!"

सोफा हलला, टीव्ही हलला, देव्हारासुद्धा माझ्या हुकमानं फिरला. खिडकीखाली कारंजं गुरगुरू लागलं. एसीच्या झोतानं त्याचे तुषार थेट सोफ्यावर! आम्ही त्यालाही भरभराट समजलो.

शुक्रवारी दुपारी आमचे मॅनेजर नायर साहेब जेवायला आले. खुर्ची कुणाला द्यायची ते हेच ठरवणार होते. ते नेमके त्याच सोफ्यावर बसले. पाच मिनिटांत त्यांची एक बाही ओलीचिंब.

"ये क्या है, जोशी?"

"नॉर्थ वॉल, सर!" मी छाती काढून सगळं चिनी शास्त्र सांगितलं.

तेवढ्यात आमची नऊ वर्षांची मुक्ता शाळेच्या कंपासपेटीबरोबर मिळालेलं होकायंत्र घेऊन आली. "बाबा, धिस इज ईस्ट."

"अगं, ते खेळण्यातलं आहे."

"सनपण खेळण्यातला आहे का? ही कम्स फ्रॉम हिअर एव्हरी डे!"

कारंजं गुरगुरत होतं. माझी खुर्ची त्यातून वाहत चाललेली मला स्पष्ट दिसली.

नायर साहेबांनी होकायंत्र पाहिलं, खिडकी पाहिली, मला पाहिलं. "जोशी, ये तो प्लँट का नॉर्थ है! घर तक ले आए?" आणि ओल्या बाहीनं डोळे पुसत ते हसत सुटले. मग मुक्तानं दाखवलेल्या खऱ्या उत्तरेला कारंजं न्यायला त्यांनी स्वतः हात लावला. तिथे आमचं चपलांचं कपाट होतं.

महिन्याभरात बढती मिळाली. पंधरा वर्षांच्या घामाचं श्रेय नीलिमानं कारंज्याला दिलं. मला त्याचं काही वाटलं नाही. बापाचा साहेब समोर बसलेला असताना माझ्या पोरीनं खरं ते ठणकावून सांगितलं, याचाच अभिमान मोठा होता. अजूनही आहे.

बढतीच्या पत्राबरोबर नायर साहेबांनी पितळी होकायंत्र पाठवलं. मी ते ऐटीत अख्ख्या ऑफिसला दाखवून घरी आणलं. तेव्हा कुठे आतली चिठ्ठी वाचली : "मुक्तासाठी. बाबा पुन्हा उत्तर ठरवायला लागले, की त्यांना हे दाखव."