जातो म्हणू नये

आलापल्लीच्या दसरूभाऊंना जंगलात गाइड व्हायचं होतं. गावातल्याच, साहित्याची पदवी घेतलेल्या निशाने महिनाभर त्यांच्याकडून इंग्रजी घोकून घेतलं. मुलाखत झकास झाली. शेवटी "सर, आय ॲम कमिंग" म्हणत भाऊ बाहेर पडले. निकालाचा कागद पुढ्यात ठेवून वनखात्याचे साहेब अर्धा तास त्यांची वाट पाहत बसले. हे कळताच निशा धावत भाऊंच्या घरी गेली. भाऊ निवांत जेवत होते.

"भाऊ, निघताना गोइंग म्हणाचं होतं."

"साहेबाले जातो म्हणू? जाते तो मेलेला, पोरी. मले तं उद्यापासून कामावर याचं हाय."

निशा थक्क झाली. तिने हे जसंच्या तसं साहेबांना सांगितलं. साहेबांनी 'पास' लिहिलं, टोपी उचलली आणि गंभीरपणे म्हणाले, "आय ॲम कमिंग."

यावेळी वाट पाहायला कोणी थांबलं नाही.