बोट बाजूला सरली तेव्हा

आमची मोठी प्रवासी बोट नदीकाठच्या धक्क्याला लागत होती. तिच्या दोन्ही टोकांना पाण्याखाली असलेले छोटे पंखे तिला आडवं सरकवत होते. तेवढ्यात उतरायच्या घाईने उडी मारणारे एक काका बोट आणि धक्क्याच्या मधल्या फटीत पडले.

"अहो, चिरडतील ते," बायको माझा दंड धरून पुटपुटली.

कप्तानाने पंखे उलटे फिरवले. एवढी अवजड बोट तशीच आडवी दूर सरली. खलाशांनी काकांना वर ओढलं. त्यांना कुठे खरचटलंही नव्हतं.

आपल्याला पुढे जाणं ठाऊक, फार तर मागे येणं. एका माणसासाठी असं बाजूला सरणं मी प्रथमच पाहत होतो. बोट पुन्हा धक्क्याला लागली, तरी दारापाशी कुणीच पुढे होईना; जो तो बाजूला सरून दुसऱ्याला वाट देत होता.