साक्षीदाराची जागा

वकीलबाईंच्या टेबलावर आमची भागीदारी मोडल्याचा कागद पंख्याच्या वाऱ्याने फडफडत होता. "सुरुवातीलाच आला असतात, तर अर्ध्या तासाचं काम होतं," त्या म्हणाल्या.

दिनकरबरोबर छापखाना काढला, तेव्हा मी करारपत्राचं बोललो होतो. "लेका, माझ्यावर भरवसा नाही?" तो हसला. मीच ओशाळलो. मग वर्षानुवर्षं लोकांच्या लग्नपत्रिका छापल्या, आमच्या दोघांत मात्र एक कागद नव्हता. वकील भांडणासाठीच असतो, असं वाटायचं. मैत्री शाबूत असताना, तिच्याच काळजीने त्याच्याकडे जावं, हे आज कळतंय.

"तुमच्या बाजूचा साक्षीदार कोण?" बाईंनी विचारलं.

घराच्या खरेदीपासून लेकीच्या लग्नाच्या नोंदणीपर्यंत, माझ्या प्रत्येक कागदावर साक्षीला दिनकरच होता.