निळा हात

माझ्या साडूंना बसलेलं पाहिलेला माणूस शेळगावपासून बारामतीपर्यंत सापडला नसता. लग्नाच्या पंगतीत ते वाढपी असत, एसटीत जागा असली तरी दांडा धरून उभे राहत आणि बारामतीला आमच्या घरी आले की चहा पीत पीत फेऱ्या मारत. मी एकदा मोजल्या. एका कपाला एकोणीस. "बसा की," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "बसून काय हुतंय, पाव्हणं?"

शेळगावात त्यांचा काळ्या मसाल्याचा धंदा. मसाल्याच्या प्रत्येक कागदी पिशवीवर त्यांच्या आई निळीत बुडवलेला पंजा उमटवत. बायका दुकानात "निळ्या हाताचा द्या" एवढंच म्हणत. नव्वदनंतर कधीतरी बारामतीच्या एका व्यापाऱ्यानं छापील निळा हात बाजारात आणला. गिऱ्हाईक फसून तिकडं जाऊ लागलं आणि साडूंच्या फेऱ्यांना धरबंद राहिला नाही. मी त्यांना ट्रेडमार्कचा अर्ज भरून दिला आणि बजावलं, "चिन्हाच्या दहा प्रती जोडा. सगळ्या सारख्या हव्यात."

काही आठवड्यांनी कागद परत आले, प्रती एकमेकींशी जुळत नाहीत म्हणून. मी ते घेऊन शेळगाव गाठलं आणि पट्टी लावून पाहिलं. एका पंजाचा अंगठा दुसऱ्यापेक्षा अर्धा इंच लांब, तिसऱ्यात करंगळीच नाही. साडूंनी आईंना दहा वेळा हात उमटवायला लावला होता!

"अहो, एकाच्याच झेरॉक्स काढायच्या!"

"झेरॉक्स म्हंजी नक्कलच की. नकलेवर तक्रार करायची आन् अर्जाला नक्कलच जोडायची व्हय? हात तर एकच हाय!"

आतून आई म्हणाल्या, "त्या सायबाला सांगा, हात बगायचा आसंल तर हितं या म्हणावं."

शेवटी प्रत आईंनीच निवडली, करंगळी नसलेली. "हाच माजा खरा. करंगळी वाकडी हाय, दाबल्याबिगर टेकतच न्हाय."

त्या पंजाच्या दहा झेरॉक्स गेल्या. प्रमाणपत्र यायला काही वर्षं लागली. तोवर आई गेल्या होत्या.

ते प्रमाणपत्र घेऊन साडू आमच्याकडे आले आणि कुणी न सांगता खुर्चीत बसले. कागदावरच्या निळ्या पंजावर त्यांनी आपला पंजा अलगद टेकवला, करंगळी तेवढी उचलून धरली. मी "चहा निवतोय" म्हटलं, तरी ते उठले नाहीत.